आधार-पॅनच्या झेरॉक्स गावभर फिरल्या, आता काय करायचं?

पत्र

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत भाड्यानं राहतो. मिस्टर शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहेत. मागच्या आठवड्यात त्यांच्या मोबाइलवर एका फायनान्स कंपनीचा मेसेज आला, ‘आपला कर्जाचा अर्ज मिळाला आहे.’ आम्ही कुठंच अर्ज केलेला नाही. आठवून बघितलं तर दोन वर्षांत त्यांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स घरमालक, पतसंस्था (मित्राला जामीन राहिलेत), सिमकार्डवाला, विमा एजंट अशा किती जणांकडं गेल्यात याचा हिशेबच नाही. एजंटला तर दोन्ही कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत. सासूबाईंचं आधारही ‘लाडकी बहीण’च्या केवायसीसाठी दोन-तीन ठिकाणी दिलंय. भावजी म्हणतात, आधार रद्द करून नवीन नंबर घ्या. शेजारचे म्हणतात, नुसत्या नंबरनं काही होत नाही. कुणाचं खरं मानू? आणि आता नेमकं करू काय?

– एक भगिनी, राजारामपुरी

उत्तर

ताई, भावजींचं म्हणणं आधी बाजूला काढू. आधारचा नंबर बदलून मिळत नाही. एका माणसाला आयुष्यभर एकच. पॅनचंही तेच, आणि तिथं तर दुसरा नंबर काढायचा प्रयत्नच अंगाशी येतो, कारण दोन पॅन बाळगले तर १०,००० रुपये दंड आहे.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. नुसते १२ आकडे कुणाच्या हाती लागले म्हणून बँकेतून पैसे निघत नाहीत. पण त्या आकड्यांच्या जोडीला आणखी एखादी गोष्ट मिळाली की काम होतं. ती गोष्ट म्हणजे मोबाइलवरचा ओटीपी, बोटाचा ठसा किंवा सही केलेली झेरॉक्स. तुमच्या घरातून गेलेले नंबर आता परत येणार नाहीत. त्यामुळं ते कुणाकुणाकडं आहेत याचा घोर लावून घेण्यापेक्षा या तीन वाटा बंद करायला घ्या. बहुतेक कामं घरबसल्या आणि फुकट होतात.

सुरुवात त्या मेसेजपासून. त्यात लिंक असेल तर दाबू नका, दिलेल्या नंबरवर फोनही करू नका. ‘अर्ज रद्द करायचा असेल तर इथं क्लिक करा’ असं लिहून माणसाला घाबरवायचं आणि त्याच्याच हातून ओटीपी काढून घ्यायचा, हा नेहमीचा डाव आहे. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून मेसेज आला असेल तर तो आमिषच असण्याची शक्यता जास्त. मेसेज पुसू मात्र नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. खरंच अर्ज झालाय का, याचं उत्तर त्या मेसेजमध्ये नाही, क्रेडिट रिपोर्टमध्ये आहे.

देशात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जा. तिथं पैसे भरायच्या योजना ठळकपणे पुढं येतात, वर्षाला एकदा मिळणाऱ्या मोफत रिपोर्टचा पर्याय शोधावा लागतो. ‘मोफत स्कोअर बघा’ म्हणणाऱ्या बाकीच्या अ‍ॅपवरून बघू नका, त्यातली बरीच कर्ज विकण्यासाठीच असतात आणि तुम्ही परवानगी दिली की फोन सुरू होतात. तुमच्यासारख्या प्रसंगात चारही रिपोर्ट आत्ताच काढा, कारण एखाद्या कर्ज कंपनीची चौकशी चौघींपैकी एकीकडंच गेलेली असू शकते. पुढच्या वर्षापासून दर तीन महिन्यांनी एक काढला की वर्षभर लक्ष राहतं, खर्च शून्य.

रिपोर्ट आला की सगळे आधी स्कोअर बघतात. तुम्ही तो सोडा आणि तीन जागा बघा. एक, ‘एन्क्वायरी’ म्हणजे चौकशीचा तक्ता. कोणत्या बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं, कोणत्या तारखेला, किती रकमेच्या अर्जासाठी तुमचा रिपोर्ट मागितला ते इथं असतं. मेसेजच्या आसपासच्या तारखेची नोंद सापडली तर अर्ज खरा होता. दोन, ‘अकाउंट’ म्हणजे चालू-बंद कर्जांची यादी. इथं अनोळखी कर्ज दिसलं तर प्रकरण अर्जाच्या पुढं गेलंय. आणि तीन, जी जागा लोक वाचतच नाहीत, ती म्हणजे पत्ते, फोन नंबर आणि ई-मेलची यादी. कर्जासाठी अर्ज करताना जी माहिती भरली जाते ती इथं येऊन बसते. मिस्टरांच्या नावापुढं कधी न ऐकलेला ई-मेल किंवा परक्या शहराचा पत्ता दिसला तर कुणीतरी त्यांच्या पॅनवर स्वतःचा संपर्क लावलाय, हे कर्ज मंजूर होण्याआधीच कळतं.

चुकीची नोंद दिसली की त्याच संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ टाका आणि ज्या कंपनीची नोंद आहे तिलाही वेगळा ई-मेल करा: ‘हा अर्ज मी केलेला नाही, माझ्या पॅनचा गैरवापर झाला आहे, अर्जासोबत दिलेली कागदपत्रं, मोबाइल नंबर आणि रक्कम जमा केलेल्या खात्याचा तपशील जपून ठेवावा.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, पुढं पोलिसांना तोच तपशील लागतो. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. नाही लागला तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीसाठी फोन १४४४८. क्रेडिट ब्यूरो, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चार कंपन्याही, लोकपालाच्या कक्षेत आहेत.

आता पहिली वाट, ओटीपीची. आधारला जो मोबाइल जोडलाय तो आज तुमच्या हातात आहे का? खूप घरांत आधार काढताना दिलेलं सिम कधीच बंद पडलेलं असतं. बंद पडलेला नंबर साधारण ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमच्या आधारचा ओटीपी एखाद्या तिऱ्हाइताच्या फोनवर वाजायला लागतो. यूआयडीएआय, म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या मायआधार संकेतस्थळावर ‘आधार वैधता तपासा’ असा पर्याय आहे. तिथं आधार क्रमांक टाकला की वयोगट, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. ते तुमच्या चालू नंबरचे नसतील तर आधार सेवा केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या.  ‘घरी बसून करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

मोबाइलचंच आणखी एक. दूरसंचार विभागाचं ‘संचार साथी’ म्हणून संकेतस्थळ आणि अ‍ॅप आहे. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकला की तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत त्याची यादी येते. आपल्याकडं एका माणसाला जास्तीत जास्त ९ सिम चालतात. रस्त्याकडेला छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याकडं सिम घेताना ‘फोटो नीट आला नाही, परत काढतो’ म्हणत दोनदा केवायसी केली जाते आणि दुसरं सिम भलत्याच्या हातात जातं. त्या सिमवरून गुन्हा झाला तर नोटीस तुमच्या दारी येते. यादीत अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नंबर नाही’ निवडा, आपला पण वापरात नसलेला असेल तर ‘गरज नाही’. प्रत्येक तक्रारीचा संदर्भ क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. हे पाच मिनिटांचं काम घरातल्या प्रत्येक नंबरासाठी करा.

फोनची रेंज शहरात असताना अचानक गेली आणि शेजारी त्याच कंपनीचा फोन चालू असेल, तर सिम बंद करून कुणी दुसरं काढलं नाही ना, हे कंपनीकडं लगेच विचारा. नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, म्हणजे तेवढा वेळ तुमच्याकडं असतो. शिवाय फोनच्या सेटिंगमध्ये सिम पिन लावून घ्या, नाही तर चोरलेल्या फोनमधलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी सरळ येतात. त्याआधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या. तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे सिम उघडायचा वेगळा कोड, मागतं.

दुसरी वाट अंगठ्याची, आणि इथं मला मिस्टरांपेक्षा सासूबाईंची काळजी जास्त वाटते. आधार जोडलेल्या खात्यातून एईपीएस नावाच्या सोयीनं पैसे काढता येतात. बँकमित्राकडं किंवा सेवा केंद्रात बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट, एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी सोय चांगली, पण चोरालाही तेवढंच पुरतं. खरेदीखत, बक्षीसपत्र अशा नोंदणीकृत दस्तांवर आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा एकाच कागदावर असायचा. त्यावरून सिलिकॉनचे ठसे बनवून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्या देशात ठिकठिकाणी पोलिसांनी पकडल्या आहेत. यूआयडीएआयनं २०२३ मध्ये बोट जिवंत माणसाचं आहे का हे तपासणारी पद्धत आणली, त्यानं फरक पडलाय, तरी दार सताड उघडं ठेवायचं कारण नाही.

त्यासाठी मायआधारवर किंवा आधारच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करून बायोमेट्रिक लॉक लावा. त्यानंतर बोट, डोळे किंवा चेहरा वापरून त्या आधारची पडताळणी होत नाही. ओटीपी मात्र चालू राहतो. सासूबाईंना मनात धाकधूक असेल, म्हणून हे मुद्दाम सांगते: लॉक लावलं म्हणून ‘लाडकी बहीण’चा हप्ता थांबत नाही. पैसे खात्यात जमा व्हायला अंगठा लागत नाही, काढायला लागतो. जिथं अंगठा द्यावाच लागतो तिथं, म्हणजे रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, नवीन सिम, अशा वेळी अ‍ॅपमधून लॉक तेवढ्यापुरतं उघडता येतं. मशीनवर ३३० नंबरचा एरर आला तर समजायचं की अंगठा झिजलेला नाही, लॉक चालू आहे. रेशनला घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, तो लावला की सासूबाईंचं लॉक उघडायचीही गरज नाही.

सासूबाई सेवा केंद्रात जात असतील तर आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घाला. ‘आजी, लागला नाही, परत लावा’ असं सांगून दुसऱ्यांदा अंगठा घेतला जातो, तेव्हा पहिला खरंच फसला होता की आता दुसरा व्यवहार होतोय हे अंगठा देणाऱ्याला कळत नाही. म्हणून पहिला फसल्याची पावती मागायची. मशीन नापास व्यवहाराचीही पावती देतं. ती हातात पडल्याशिवाय दुसरा अंगठा नाही. आणि त्याच आठवड्यात पासबुक भरून घ्यायचं. एईपीएसची गरजच नसेल तर बँकेच्या शाखेत साधा अर्ज द्या, ‘माझ्या खात्यावरून एईपीएसनं पैसे काढण्याची सोय बंद करावी’, आणि पोच घ्या. मोठ्या बँकांच्या मोबाइल अ‍ॅपमध्येही हे बंद करायचा पर्याय बऱ्याचदा असतो. आधार जोडलेली जितकी खाती असतील तितक्या बँकांत हे करावं लागेल, कारण मशीनवर बँकेचं नाव बदललं की दुसऱ्या बँकेतल्या खात्यातून पैसे निघतात.

मिस्टरांच्या आधारला याच्याही पुढचं कुलूप लावा असं मी सुचवीन. ‘आधार लॉक’ केलं की १२ आकडी क्रमांकावरून कुठलीच पडताळणी होत नाही, ओटीपीनंही नाही. त्याऐवजी १६ आकडी व्हर्च्युअल आयडी चालतो, जो पाहिजे तेव्हा नवीन काढता येतो. म्हणजे गावभर फिरलेला नंबर पडताळणीपुरता निरुपयोगी होतो. क्रम मात्र चुकवू नका: आधी व्हर्च्युअल आयडी काढा, तो घरात कागदावर लिहून ठेवा, मग लॉक करा. लॉक उघडायला तोच आयडी लागतो आणि ऐनवेळी बँकेत उभं राहून शोधाशोध होते.

लॉगिन केलंच आहे तर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ उघडा. मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुणी, कधी, कोणत्या पद्धतीनं तपासलं ते दिसतं. पद्धत ‘बायोमेट्रिक’ आणि वेळ अशी की तेव्हा मिस्टर शॉपवर मशीनपुढं उभे होते, तर ती नोंद संशयाची. संस्थेचं नाव ओळखीचं वाटलं नाही तरी लगेच दचकू नका, बँक किंवा मोबाइल कंपनीसाठी मधली एखादी कंपनी पडताळणी करते आणि नाव तिचं दिसतं. तारीख-वेळ जुळते का ते आधी बघा. नाही जुळली तर आधारच्या हेल्पलाइनला, १९४७ वर, फोन करून तक्रार नोंदवा.

तिसरी वाट कागदाची. गैरवापराची सुरुवात बऱ्याचदा इथंच होते आणि आपण इथंच सगळ्यात बेफिकीर असतो.

झेरॉक्स दुकानातला प्रकार बघा. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, काढून देतो’ म्हणतात. आपण आधारची पीडीएफ पाठवतो, प्रिंट घेतो, दोन-पाच रुपये देतो आणि निघतो. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ती फाइल राहते, शेकडो लोकांच्या फाइलींच्या शेजारी. आपण नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तर चॅटमधून जाते, फोल्डरमधून जात नाही. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणाल, तर तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष असा ठरलेला असतो. ज्याच्याकडं तुमच्या पॅनची झेरॉक्स आहे त्याला दोन्ही माहीत आहेत. शिवाय प्रिंट काढताना आपणच तो दुकानात मोठ्यानं सांगतो. तेव्हा शक्यतो मूळ कार्ड नेऊन समोर झेरॉक्स काढून घ्या, तिरकी आलेली, काळी पडलेली प्रतही मागून घ्या आणि फाडा. फाइल द्यावीच लागली तर प्रिंट झाल्यावर ‘दादा, डाउनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून काढा’ म्हणून तिथंच उभं राहा. यात संकोच कशाचा, कागद आपला आहे.

बहुतेक ठिकाणी पूर्ण नंबर द्यायची गरजच नसते. मायआधारवरून आधार डाउनलोड करताना ‘मास्क्ड आधार’वर खूण केली की पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, शेवटचे चारच दिसतात. घरमालक, लॉज, कुरिअर, जिम, सोसायटीचं ऑफिस, सगळ्यांना तीच द्या. जुन्या कार्डावरच कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. नंबर मागच्या बाजूलाही छापलेला असतो. आणि २०१८ च्या आधीचं कार्ड असेल तर त्याच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण १२ आकडे उघडे असतात, फोननं स्कॅन केलं की दिसतात. तेव्हा जुन्या कार्डाचा क्यूआरही झाका, नाही तर नवीन प्रत डाउनलोड करा. नवीन क्यूआरमध्ये शेवटचे चारच आकडे असतात.

नुसती ओळख पटवायची असेल, जसं अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे लॉजवर उतरतात, तर मतदार ओळखपत्र किंवा ड्रायव्हिंग लायसन्स पुढं करा. त्यावरून बँकेचं खातं उघडं पडत नाही. पॅन तर ओळखपत्र म्हणून देऊच नका, ते कराचं आणि कर्जाचं कागदपत्र आहे. गुजरीत सोनं घेताना दुकानदार सवयीनं पॅन मागतो, पण तो २ लाखांच्या वरच्या खरेदीला लागतो. साध्या कानातल्यांच्या बिलाला नको.

जिथं झेरॉक्स द्यावीच लागते तिथं त्यावर लिहा, पण खाली कोपऱ्यात नाही. खाली लिहिलेल्या ओळीवर कोरी पट्टी ठेवून पुन्हा झेरॉक्स काढली की कोरी करकरीत प्रत तयार होते. कार्डाच्या चित्रावरूनच तिरकं लिहा, फोटोच्या कडेवरून आणि नंबरावरून ओळ गेली पाहिजे, अक्षरं वाचता आली पाहिजेत. काळी किंवा गडद निळी शाई घ्या, फिकी निळी झेरॉक्समध्ये उडून जाते. मजकूर असा: ‘फक्त राजारामपुरीतील फ्लॅटच्या भाडेकरारासाठी’, घरमालकाचं नाव, तारीख, सही. सहीचा एक भाग लिहिलेल्या ओळीवरून जाऊ द्या. काउंटरवरचा माणूस ‘असं चालत नाही’ म्हणाला तर मूळ कार्ड दाखवा आणि पडताळून घ्या म्हणा. बहुतेक वेळा चालतं. कोऱ्या झेरॉक्सच्या पाच प्रतींवर आगाऊ सह्या करून पाकिटात ठेवायची सवय मिस्टरांना असेल तर ती आजच मोडा.

विमा एजंटाला आज मेसेज करा की दोन्ही कार्डांचे फोटो फोनमधून आणि गॅलरीतून पुसून टाका. तो पुसेल की नाही हे सांगता येत नाही, पण मागितल्याची लेखी नोंद तुमच्याकडं राहते.

पॅनचं आणखी एक अंग आहे, आणि ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसत नाही. कुणाच्या तरी पॅनवर बोगस जीएसटी नोंदणी काढायची, कोट्यवधींची बिलं फाडायची आणि गायब व्हायचं, असे प्रकार मजुरांच्या आणि नोकरदारांच्या नावावर झालेत. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये ‘पॅनवरून शोधा’ असा पर्याय आहे, लॉगिन लागत नाही. मिस्टरांचा पॅन टाका. काहीच नोंद नाही असं आलं तर बरं. १५ अक्षर-आकड्यांचा नंबर दिसला तर त्याची सुरुवात बघा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅनच. भलत्या राज्याचा आकडा दिसणं ही सरळ धोक्याची खूण. पॅनच्या गैरवापराची तक्रार त्याच संकेतस्थळावर करता येते. त्याबरोबर आयकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन करून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडा. मिस्टरांच्या पगाराशिवाय दुसऱ्या कुणी दिलेला पगार, कमिशन किंवा जीएसटीची उलाढाल दिसली तर त्या ओळीवर ‘ही माहिती माझ्या पॅनची नाही’ असा अभिप्राय नोंदवायची सोय तिथंच आहे. रिटर्न भरायच्या आधी दरवर्षी हे बघा.

आता, तपासात खरंच काही निघालं तर. खात्यातून पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन, त्याच तासात. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात आणि १९३० वरून ते वाटेत अडवता येतात, उशीर झाला की काढले जातात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, पोचपावतीचा नंबर, आणि बँकेला लेखी. तुमची चूक नसताना झालेला अनधिकृत ऑनलाइन व्यवहार ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवला तर तोटा तुमच्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. त्यानंतर दर दिवसाला तुमची बाजू कमजोर होते. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र हे संरक्षण मिळणं अवघड.

पैसे गेले नसले, नुसता खोटा कर्ज अर्ज किंवा सिम निघालं, तरी तक्रार कराच. ‘नुकसान झालं नाही ना, मग कशाला’ असं कुणी म्हणेल. दुसऱ्याची ओळख वापरणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. तारीख घातलेली तक्रार हाती असली की उद्या वसुलीवाले दारात आले तर दाखवायला कागद असतो. कोल्हापूर जिल्हा पोलिसांचं वेगळं सायबर पोलिस ठाणं आहे, पण तक्रार राजारामपुरी ठाण्यातही देता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. या कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो, म्हणून जाताना निरीक्षक असतील ती वेळ विचारून जा. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट, क्रेडिट रिपोर्टचं ते पान आणि पोर्टलची पोच न्या.

राहता राहिली पतसंस्था. आपल्याकडं मित्राला जामीन राहणं ही रीतच आहे, पण जामिनाच्या फाइलमध्ये आधार, पॅन, फोटो, पगाराचा दाखला आणि कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या असं सगळं एका जागी सापडतं. पतसंस्थेची कर्जं क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतीलच असं नाही, आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं येत नाहीत. त्यामुळं तिथं स्वतः जायचं. शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा: माझ्या नावावर कर्जदार किंवा जामीनदार म्हणून कोणकोणती कर्जं आहेत, बाकी किती आहे. उत्तर मिळालं नाही तर अर्जाची पोच जोडून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करता येते. मित्राचं कर्ज फिटलं असेल तर फेडीचा दाखला आणि मिस्टरांनी सही केलेले जामिनाचे मूळ कागद परत मागा. कोरे धनादेश दिले असतील तर त्यांचे नंबर टाकून पोच घ्या. ते परत मिळाले नाहीत तर त्या नंबरांचं पेमेंट थांबवायचा अर्ज बँकेत देऊन टाका.